म्यूऑनचा आकडा कुणीही फिरवलेला नाही

म्यूऑनने (इलेक्ट्रॉनसारखाच, पण जड आणि अल्पायुषी कण) भौतिकशास्त्र उलथवलं आणि शास्त्रज्ञांनी ते दाबून टाकलं, असा एक लांबलचक मजकूर सध्या फिरतो आहे. भौतिकशास्त्रच शिकायचं ठरवलेल्या माझ्या भाचीपर्यंत तो पोहोचला, आणि "म्हणजे हे सगळं जुळवून आणलेलं असतं का?" असं तिने विचारलं. म्हणून हे उत्तर.

मजकुरातले दावे असे: २०२१ मध्ये अमेरिकेतल्या फर्मिलॅब प्रयोगशाळेला पाचवं मूलभूत बल सापडलं. २०२५ मध्ये सिद्धांत वाचवण्यासाठी प्रयोगाचा आकडा बदलला. म्यूऑन जवळ आला की प्रोटॉन आकसतो. निसर्गाचे स्थिरांक बदलत चाललेत. आणि पायॉन (क्षणात मोडून हलके कण देणारा कण) म्यूऑनला झुकतं माप देतो, म्हणजे सममिती, इलेक्ट्रॉन आणि म्यूऑन यांना मिळणारी समान वागणूक, मोडलीच आहे.

पाचव्या बलाचं आधी उरकून टाकू. २०२१ मध्ये म्यूऑनच्या चुंबकत्वाचा प्रयोगातला आकडा आणि तेव्हाच्या सिद्धांताचा आकडा यांत ४.२ सिग्माची (सिग्मा म्हणजे अनिश्चिततेचं माप) तफावत होती. शोध म्हणायला या क्षेत्रात ५ सिग्मा लागतात. ते मिळाले असते तरी तफावत म्हणजे बल नव्हे. तिच्यामागे कोणता कण आहे, हे त्या एका आकड्यातून कळत नाही.

आकडा बदलल्याचा आरोप मात्र सहज सोडून देण्यासारखा नाही, कारण तो सरळ अप्रामाणिकपणाचा आहे. म्यूऑनच्या चुंबकीय विसंगतीचं (त्याचं चुंबकत्व साध्या गणितापेक्षा किती अधिक, याचं) मूल्य ०.००११६५९ असं सुरू होतं, सगळा वाद त्यापुढच्या चार अंकांचा. प्रयोगाचे अंक पाहा: आधीची अमेरिकन प्रयोगशाळा ब्रुकहेवन २०८९, फर्मिलॅब २०२१ मध्ये २०४०, २०२३ मध्ये २०५५, ३ जून २०२५ च्या अंतिम निकालात २०७०.५. त्यांची अनिश्चितता अनुक्रमे ६३, ५४, २४ आणि १५. म्हणजे दोन वेगळ्या प्रयोगशाळांतले हे आकडे एकमेकांच्या अनिश्चिततेत बसतात आणि अनिश्चितता घटत जाते. यात फिरवाफिरवी कुठे दिसते?

ती करता येऊ नये अशीच मुळात व्यवस्था होती. १४ मीटर व्यासाच्या कड्यात, १.४५ टेस्लाच्या क्षेत्रात म्यूऑन फिरतात. त्यांच्या स्पिनची (अंगभूत फिरकीची) दिशा वेगाच्या दिशेला दर ४.३७ मायक्रोसेकंदांनी एक पूर्ण फेरा मागे टाकते. क्षयात निघणारे जास्त ऊर्जेचे पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचे धन प्रतिकण) मुख्यतः स्पिनच्या दिशेने सुटतात, त्यामुळे २४ कॅलरीमीटरमधली (कणांची ऊर्जा मोजणाऱ्या उपकरणांमधली) त्यांची मोजणी त्याच तालात वरखाली होते. हा ताल मोजणारं घड्याळच मुद्दाम थोडं हलवून ठेवलेलं होतं. किती हलवलंय ते प्रयोगात नसलेल्या दोन माणसांनाच ठाऊक होतं; तो आकडा लिफाफ्यात बंद होता. ही लपवाछपवी दहा लाखांत अधिक-उणे २५ भागांपर्यंतची. वादातली तफावत दहा लाखांत जेमतेम २ भागांची. आकडा ढकलायची इच्छा असणाऱ्यालाही कोणत्या बाजूला ढकलायचं हे कळलं नसतं. विश्लेषण पूर्ण झालं, सगळ्यांनी मान्य केलं, आणि मगच लिफाफा उघडला.

आणि चुका लपवल्या म्हणता? पहिल्या फेरीत म्यूऑनचा झोत सांभाळणाऱ्या विद्युत क्वाड्रुपोलचे (झोत एकवटून ठेवणाऱ्या प्लेटांचे) ३२ पैकी २ उच्च विद्युतदाबाचे रेझिस्टर बिघडले. प्लेटवरचा विद्युतदाब स्थिरावायला जास्त वेळ लागे, मोजणी चालू असताना झोत सरकत राही आणि तालाची कला (फेऱ्यातली नेमकी जागा) बदले. त्याची दुरुस्ती, शंभर कोटींत १५८ भाग, आणि तिची अनिश्चितता ७५, दोन्ही छापून मोकळे झालेत. पुढच्या फेरीआधी ते रेझिस्टर बदलले.

एक अर्धसत्य मान्य करावं लागेल: सिद्धांताचा आकडा खरोखर बदलला. २०२० च्या श्वेतपत्रिकेत (सिद्धांतकारांच्या एकत्रित अहवालात) तो १८१० होता, मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत २०३३. यातला अवघड भाग आहे क्वार्कच्या (प्रोटॉनसारख्या कणांच्या घटकांच्या) क्षणिक जोड्यांमुळे होणारा परिणाम. आधी तो इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन टकरींच्या मोजमापांवरून काढत. २०२३ मध्ये रशियातल्या नोवोसिबिर्स्कच्या सीएमडी-३ प्रयोगाचं मोजमाप जुन्यांशी जुळेना, म्हणून नव्या श्वेतपत्रिकेने लॅटिस पद्धतीने (अवकाश-काळाची जाळी करून) संगणकावर काढलेलं मूल्य घेतलं. प्रयोगाशी जुळावं म्हणून ते घडवलं म्हणावं, तर बीएमडब्ल्यू नावाच्या शास्त्रज्ञगटाचं लॅटिस गणित फेब्रुवारी २०२० मध्येच सर्वांसमोर होतं, फर्मिलॅबचा पहिला लिफाफा उघडण्याच्या वर्षभर आधी. आज प्रयोग आणि सिद्धांतातला फरक ३८, अनिश्चितता ६३. सीएमडी-३ आणि जुनी मोजमापं का भांडतात हे अजून सुटलेलं नाही, आणि हे कोडं श्वेतपत्रिकेतच उघड मांडलेलं आहे.

प्रोटॉन आकसत नाही. म्यूऑन इलेक्ट्रॉनच्या २०७ पट जड, म्हणून हायड्रोजनमध्ये तो प्रोटॉनच्या सुमारे १८६ पट जवळ असतो आणि प्रोटॉनच्या आकाराचा त्याच्या ऊर्जापातळीवरचा परिणाम प्रचंड वाढतो. २०१० मध्ये स्वित्झर्लंडच्या पीएसआय संस्थेत त्रिज्या ०.८४१८ फेम्टोमीटर (एक फेम्टोमीटर म्हणजे दहाचा उणे पंधरावा घात मीटर) मिळाली, तर इलेक्ट्रॉनवरून मान्य झालेली होती ०.८७७. पुढे २०१७ आणि २०१९ च्या इलेक्ट्रॉनच्या प्रयोगांनीही ०.८३ च्या आसपास उत्तर दिलं. २०१८ चं पॅरिसचं मोजमाप तेवढं जुन्या बाजूला राहिलं.

स्थिरांक बदलतात हे तर नुसतं बोलणं. म्यूलॅन प्रयोगाने म्यूऑनचं आयुर्मान २१,९६,९८०.३ पिकोसेकंद मोजलं, अनिश्चितता २.२. त्यावरून फर्मी स्थिरांक (क्षयाला कारण होणाऱ्या क्षीण बलाची ताकद सांगणारा) दहा लाखांत अर्ध्या भागाइतका अचूक कळतो. नव्या मोजणीने आपला आकडा सुधारतो. त्याचा अर्थ निसर्ग हलला असा होत नाही.

राहिला पायॉन. सुमारे ८,१०० पायॉनमागे एकच मोडून इलेक्ट्रॉन (किंवा पॉझिट्रॉन) देतो, बाकी म्यूऑन, हे खरंच. पण तो पक्षपात नव्हे. पायॉनचा स्पिन शून्य, म्हणून सुटणाऱ्या दोन कणांचे स्पिन एकमेकांना काटायला हवेत. न्यूट्रिनो (सोबत सुटणारा अतिहलका कण) डावखुराच, म्हणजे स्पिन गतीच्या उलट ठेवूनच निघतो, म्हणून सोबतच्या पॉझिट्रॉनला त्याच्या स्वभावाविरुद्ध वळण घ्यावं लागतं. हे वस्तुमान असेल तरच जमतं आणि इलेक्ट्रॉनचं वस्तुमान फारच कमी. दोघांना अगदी समान वागणूक मिळते असं धरून काढलेलं गुणोत्तर १.२३५२, गुणिले दहाचा उणे चौथा घात. कॅनडातल्या ट्रायम्फ प्रयोगशाळेत २०१५ चं मोजमाप १.२३४४, अनिश्चितता ०.००३०. मोजणं जिकिरीचं असतं: थेट क्षयाचा पॉझिट्रॉन ६९.८ एमईव्हीचा (एमईव्ही हे ऊर्जेचं एकक), म्यूऑनमार्गे येणारे ५२.८ च्या आतले, पण कॅलरीमीटरमधून थोडी ऊर्जा निसटली की पहिल्यातले काही दुसऱ्यांच्या गर्दीत मिसळतात. ही शेपटी किती मोठी, यावरच अचूकता अडते. सिद्धांत आज प्रयोगापेक्षा सुमारे वीस पट नेमका आहे. सममिती मोडत असेल तर ती त्या फटीत लपलेली असू शकते, आणि पीएसआयमध्ये आखलेला पायोनियर प्रयोग नेमकी तीच फट बुजवायला निघाला आहे.