पॉइंट किती घ्यायचे, आणि कोणाचं वय धरून?

"दुप्पट करतोय," अण्णा बसता बसता म्हणाला. "टाइमशेअरचे पॉइंट. मुलगी तेराची झाली, मुलगा दहाचा. स्टुडिओत आता जमत नाही. विक्रेता म्हणतो, आत्ता घेतले तर आहे त्याच करारात बसवून देतो." टाइमशेअर म्हणजे सुट्टीच्या घरांत दरवर्षी राहण्याचा आगाऊ विकत घेतलेला हक्क, आणि पॉइंट हे त्या हक्काचं माप. स्टुडिओ म्हणजे तिथलं एकाच खोलीचं घर.

वकिलाने लगेच विचारलं, "करार अजून किती वर्षं आहे?"

"चाळीसेक."

"आणि मुलगी तुमच्याबरोबर सुट्टीला अजून किती वर्षं येईल?"

अण्णा म्हणाला, "अरे, तोच तर मुद्दा आहे. थोडीच वर्षं उरलीत, म्हणून तर चांगली घालवायचीत." ताईने त्याला जोरात दुजोरा दिला. तिथून जी चर्चा पेटली ती दिवे लागेपर्यंत चालली. इथे लिहून काढतोय, कारण याच वळणावर उभी असलेली बरीच कुटुंबं मला माहीत आहेत आणि त्यांना नेमकं हेच सांगणारं कोणी भेटत नाही.

मास्तरांना या प्रकाराची फारशी ओळख नव्हती, म्हणून आधी थोडं मागे जावं लागलं. स्वित्झर्लंडमधली हापिमाग ही संस्था 1963 सालची. तिथल्या सभासदाला एका घराचा एकच आठवडा नव्हे, तर संस्थेच्या सगळ्या घरांत राहण्याचा हक्क मिळायचा. पण पुढे टाइमशेअर बोकाळला तो ठरावीक आठवड्याच्या रूपात: हीच खोली, वर्षातला हाच आठवडा. तो आठवडा गैरसोयीचा ठरू लागला, म्हणून अदलाबदल करून देणाऱ्या कंपन्या निघाल्या. आरसीआय 1974 सालची, इंटरव्हल इंटरनॅशनल 1976 सालची. डिस्नेने 1991मध्ये आपला क्लब काढला तो सुरुवातीपासूनच पॉइंटवर. मॅरियट ही हॉटेल कंपनी 2010मध्ये पॉइंटकडे वळली. बदलत्या कुटुंबाला पॉइंट सोयीचे. वर्षाला अमुक पॉइंट खात्यात जमा होणार. लहान खोली घ्या, मोठी घ्या, चार रात्री राहा किंवा दहा, तुमचं तुम्ही ठरवा.

"मग प्रश्नच मिटला की," मास्तर म्हणाले. "मुलं मोठी झाली तर मोठी खोली घ्यायची."

मोठ्या खोलीला पॉइंट किती लागतात, तिथेच सगळं अडतं.

डिस्नेचंच उदाहरण घ्या, कारण कोणत्या खोलीला रात्रीचे किती पॉइंट हे सांगणारे त्यांचे तक्ते कोणालाही बघता येतात. बऱ्याच ठिकाणी स्टुडिओत चार-पाच माणसं राहू शकतात. वन-बेडरूममध्येही चार-पाचच. पॉइंट मात्र जवळजवळ दुप्पट. मग या दुपटीत मिळतं काय? मधली भिंत, पूर्ण स्वयंपाकघर, कपडे धुण्याचं यंत्र. माणसांची संख्या वाढते ती टू-बेडरूममध्ये, आठ-नऊपर्यंत, आणि तिथे स्टुडिओच्या अडीच पटीच्या वर पॉइंट जातात. अण्णाच्या डोक्यात होती वन-बेडरूम. मी त्याला विचारलं, "त्यात मुलं झोपणार कुठे?" बाहेरच्या सोफ्यावर. दोघंही. म्हणजे दाराआड तुम्ही नवराबायको, आणि तेरा वर्षांची मुलगी दहा वर्षांच्या भावाबरोबर उघड्या हॉलमध्ये. पॉइंट दुप्पट करून जिच्यासाठी हे सगळं चाललंय तिलाच दार मिळालं नाही!

हे ऐकून ताई म्हणाली, "मग दोन स्टुडिओ घ्या. शेजारशेजारचे."

ताईची ही सूचना मला खरोखर मोलाची वाटली. वन-बेडरूमला जेवढे पॉइंट जातात साधारण तेवढ्यातच दोन स्टुडिओ बसतात, टू-बेडरूमपेक्षा तर कमीच लागतात, आणि वर दोन न्हाणीघरं मिळतात. वयात येणारी मुलगी घरात असली की सकाळी न्हाणीघर किती वेळ अडून राहतं, हे वेगळं सांगायला नको. पण दोन अडचणी आहेत. बऱ्याच ठिकाणी प्रत्येक खोलीत एक तरी प्रौढ माणूस लागतो, तेव्हा आई आणि मुलगी इकडे, बाप आणि मुलगा तिकडे अशी वाटणी करावी लागते. आणि शेजारच्या खोल्या मागता येतात, पण त्या मिळतीलच अशी हमी नसते. वेगवेगळ्या मजल्यांवर खोल्या आल्या तर संध्याकाळी सगळे एकत्र बसणार कुठे?

अण्णा म्हणाला, "बघा, म्हणजे शेवटी टू-बेडरूमच. म्हणजे पॉइंट वाढवायलाच हवेत."

आता माझं म्हणणं मांडतो. पॉइंट वाढवू नयेत. कराराचा पल्ला आणि मुलांच्या किशोरवयाचा पल्ला यांची लांबी एक नाही. मोठ्या खोलीची गरज सहा-सात वर्षांची. नंतर मुलं शिकायला, नोकरीला, आपापल्या मित्रमैत्रिणींबरोबर निघून जातात आणि राहतात ती दोघं, ज्यांना स्टुडिओ भरपूर होतो. वाढवलेले पॉइंट मात्र कराराच्या शेवटापर्यंत तुमच्या नावावर राहतात, आणि त्यांच्याबरोबर दरवर्षीचा देखभाल खर्चही. तो पॉइंटमागे आकारला जातो, तुम्ही जा किंवा जाऊ नका, आणि बहुतेक वेळा तो वर्षागणिक चढतच जातो. म्हणून पायाचे पॉइंट धरावेत ते मुलं गेल्यानंतरच्या दोन माणसांचे, आणि मधली वर्षं साठवणीवर आणि उसनवारीवर काढावीत.

हा शेवटचा भाग अण्णाला पटेना, म्हणून कागदावर मांडला. आकडे समजण्यापुरते. धरा, स्टुडिओला रात्रीचे 12 पॉइंट, वन-बेडरूमला 24, टू-बेडरूमला 32. सहा रात्रींचे झाले 72, 144 आणि 192. अण्णाकडे वर्षाला 100 पॉइंट आहेत असं समजू. या वर्षीचे 100 वापरायचे नाहीत, पुढच्या वर्षात टाकायचे. पुढच्या वर्षी 200 झाले, टू-बेडरूमच्या सहा रात्री त्यात बसतात आणि 8 उरतात. एक वर्ष आड मोठी सुट्टी. एखाद्या वर्षी काही खास असेल तर त्याच्या पुढच्या वर्षीचे 100 उसने घेता येतात, म्हणजे एका वर्षात 300 पर्यंत. नवा एकही पॉइंट न घेता.

वकिलाने इथे अटी सांगितल्या, आणि त्या नीट ऐकण्यासारख्या आहेत. साठवण शेवटच्या दिवशी होत नाही. डिस्नेच्या क्लबात पॉइंटचं वर्ष सुरू झाल्यापासून आठ महिन्यांच्या आत करावी लागते. ती तारीख चुकली की पॉइंट त्याच वर्षात संपवायचे. एकदा पुढे टाकलेले पॉइंट पुन्हा पुढे ढकलता येत नाहीत. उसने घेतलेले सहसा परत मागे जात नाहीत. दुसऱ्या क्लबांत नियम वेगळे असतात, साठवणुकीला शुल्कही असू शकतं, तेव्हा सही करण्याआधी हा एक परिच्छेद तरी स्वतः वाचा. विक्रेत्याच्या तोंडून ऐकू नका.

मास्तरांना टाइमशेअर कळत नसेल, पण शाळा कळते. त्यांनी जो मुद्दा काढला तो आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आला नव्हता. "मूल चार वर्षांचं असताना शाळा बुडवून गेलात तर कोणी विचारत नाही. तेराव्या वर्षी ते जमत नाही. परीक्षा, सामने, शिबिरं. उरते ती शाळेची सुट्टी, आणि तेव्हा सगळं जग सुट्टीवर असतं."

मास्तर बरोबर बोलले. मुलं मोठी होतात तशी खोली वाढते आणि त्याचबरोबर हंगामही महाग होतो. आरसीआयच्या आठवड्यांमध्ये हे रंगांत सांगतात: लाल म्हणजे गर्दीचा, पांढरा मधला, निळा ओसाड. लहान मुलांच्या आईबापांना पांढऱ्या-निळ्यात फिरता येतं, किशोरांच्या आईबापांना लालच. पॉइंटच्या तक्त्यातही हेच, फक्त रंगांऐवजी आकड्यांत. त्यातही डिस्नेसारख्या ठिकाणी वर्षभराच्या पॉइंटची एकूण बेरीज वाढवता येत नाही, पण एका हंगामाचे कमी करून दुसऱ्याचे वाढवता येतात. तेव्हा आज सुट्टीतल्या रात्रीला जो आकडा आहे तो पाच वर्षांनी तोच असेल असं धरून हिशेब मांडू नये, थोडी जागा ठेवावी.

बुकिंगचंही तसंच. डिस्नेत आपल्या मूळ रिसॉर्टसाठी, म्हणजे करार ज्या जागेचा आहे तिच्यासाठी, अकरा महिने आधी बुकिंगची खिडकी उघडते, इतर ठिकाणांसाठी सात महिने आधी. टू-बेडरूम मुळातच थोड्या, सुट्टीत त्या आधी संपतात, म्हणजे अकराव्या महिन्यालाच तयार राहायला हवं. पण अकरा महिने आधी मुलीच्या परीक्षेचं वेळापत्रक कोणाच्या हातात असतं? म्हणून माझा आग्रह असा, की मूळ रिसॉर्ट तोच निवडावा जिथे मुलं नसतानाही जायला आवडेल. एखाद्या ठिकाणच्या घसरगुंड्यांवर भुलून घेतलेला करार मूल पंधराचं झालं की गळ्यात पडतो.

एवढं सगळं ऐकूनही ताई मागे हटली नाही. ती म्हणाली, "एक वर्ष आड म्हणता. मुलगी तेराची. अठरापर्यंत तुमच्या हिशेबाने मोठ्या सुट्ट्या किती होतील? तीन. तेवढ्यासाठी आयुष्यभर पैसे भरायचे? आणि या वयात मूल तुमच्याशी बोलतं कधी? घरी दार लावून बसतं. सुट्टीतच बोलतं. त्यात हात आखडता घेऊ नका."

याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. माझी मुलं या वयातून गेली आहेत, आणि सुट्टीत ती बोलतात हे खरं आहे. फक्त ती टू-बेडरूममध्ये जास्त बोलतात असं मला दिसलं नाही. मधल्या वर्षी कमी रात्रींची, वेगळ्या ठिकाणची, पॉइंटशिवायची सुट्टी घेता येतेच. शिवाय पॉइंट कमी पडले तर दुसऱ्या सभासदाकडून तेवढ्या वर्षापुरते भाड्याने घेण्याची सोय बऱ्याच क्लबांत असते. सहा वर्षांच्या गरजेला सहा वर्षांचा खर्च, एवढंच माझं म्हणणं. ताईला "भाड्याचे पॉइंट" हा प्रकार बेभरवशाचा वाटतो. तोही आक्षेप योग्य आहे. बुकिंग दुसऱ्याच्या खात्यातून होतं, रद्द करायचं झालं तर आपल्या हातात काही नसतं.

अण्णा शेवटी म्हणाला, "नको झाले की विकेन. नाहीतर मुलांच्या नावावर करेन. विक्रेता म्हणाला, वारसा आहे हा."

वकील एरवी शांत असतो, पण यावर तो चिडला. कंपनीकडून घेतलेले पॉइंट पुन्हा बाजारात जातात ते बहुतेक वेळा खरेदीपेक्षा बऱ्याच कमी किमतीला, आणि काही करारांना तर गिऱ्हाईकच मिळत नाही. पुनर्विक्रीतून घेणाऱ्यावर बंधनंही असतात: डिस्नेच्या जुन्या रिसॉर्टांचे पॉइंट 19 जानेवारी 2019 नंतर असे घेतले, तर रिव्हिएरासारख्या नव्या ठिकाणी ते चालत नाहीत. "आणि वारसा म्हणतोस," तो म्हणाला, "तो देखभाल खर्चासकट जातो. मुलीला पंचविसाव्या वर्षी तू एक सुट्टी देतोयस की दरवर्षीचं बिल, हे तिला विचारलंस?"

विचारलं नव्हतं. तेराव्या वर्षाचं मूल या चर्चेत बसवायला हवं, यावर मात्र आम्हा सगळ्यांचं एकमत झालं. तिला कुठे जायचंय, मैत्रिणीला बरोबर आणायचंय का, की स्वतःची खोली मिळाली तर एक वर्ष थांबायची तिची तयारी आहे, हे कळल्याशिवाय खोलीचा आकार ठरवण्यात अर्थ नाही. मैत्रीण येणार असेल तर माझा कागदावरचा हिशेबही बदलतो. पाचवं माणूस आलं की दोन स्टुडिओंचा पर्याय पुन्हा वर येतो.

वकिलाने अण्णाकडून दोन गोष्टी मागितल्या: पूर्ण करार आणि सुट्टीच्या महिन्यांचा पॉइंटचा तक्ता. सही केल्यावर करार मोडायची मुदत फार लहान असते, युरोपीय संघात 14 दिवस, फ्लोरिडात 10, कुठे त्याहूनही कमी. तेव्हा वाचायचं ते सहीच्या आधी. "आजच सही केली तरच हा भाव" असं विक्रेत्याने सांगितलंय, असं अण्णा म्हणाला. मास्तर म्हणाले, "मग आज करू नकोस."