एक स्टार ठीक आहे, पण कूलंट डुप्लिकेट नव्हतं

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू वाचला. आमच्याकडून कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) नेऊन तुम्ही ते घरीच बदललंत, मग घरच्यांना घेऊन तुळजापूरला निघालात आणि मांजरसुंब्याच्या घाटात भर उन्हात गाडी उकळली, याचं आम्हालाही वाईट वाटलं. काउंटरवरचा मुलगा तुटक बोलला असेल तर त्याच्या वतीनं माफी मागतो. रेडिएटरचं झाकण उघडताना हात पोळला असं लिहिलंय, तो आता कसा आहे तेही कळवा. गरम गाडीचं झाकण उघडू नये असं त्या झाकणावरच लिहिलेलं असतं, पण लेकरंबाळं सोबत असली की माणूस घाबरतो, हे समजू शकतो.

पण साहेब, ‘या दुकानानं डुप्लिकेट कूलंट दिलं, दोन दिवसांत मातकट झालं आणि गाडी उकळली’ असं चारचौघांत लिहिलंत, ते मात्र फार लागलं. बीडमध्ये स्पेअर पार्टचं दुकान नावावर चालतं. वडिलांपासूनची गिऱ्हाइकं आता कॅन उलटासुलटा करून सील बघायला लागलीत.

घरी कूलंट बदलू नका असं मी कुणालाच म्हणत नाही. तुम्ही 3 लिटर कॉन्सन्ट्रेट (पाणी मिसळून वापरायचं घट्ट कूलंट) आणि तेवढंच डिस्टिल्ड वॉटर नेलंत, बोअरचं पाणी घातलं नाहीत, हे चांगलंच केलंत. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यानं गिझरच्या कॉइलवर बसतो तसा पांढरा थर रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. इंजिन गार असताना रेडिएटरच्या खालचा ड्रेन कॉक (पाणी काढायची तोटी) उघडलात, तेही बरोबर.

आता तुमचंच वाक्य बघा. ‘5 लिटर निघालं, नवीन साडेतीनच बसलं, बाकीचं उगाच गळ्यात मारलं.’ अहो, निघालं तेवढं बसायलाच पाहिजे! म्हणून तर निघालेलं मापून ठेवायचं असतं. दीड लिटर कमी बसलं म्हणजे तेवढी जागा आत हवेनं धरली होती. यालाच एअर लॉक म्हणतात. पुढं तुम्ही लिहिलंय की काटा वर जायला लागल्यावर एसी बंद करून हीटर फुल केला, तर थंडगार हवा आली. युक्ती चांगली होती, हीटर लावल्यावर इंजिनची उष्णता थोडी बाहेर पडते. पण इंजिन तापलेलं आणि हीटरमधून हवा थंड, याचा अर्थ तिथपर्यंत कूलंट पोचतच नव्हतं. हवा अडकली की पंप नुसता फिरतो, पुढं काही ढकलत नाही. अशा वेळी अमृत ओतलं असतं तरी उकळलंच असतं. तुम्ही गाडी लगेच बाजूला घेतलीत हे फार बरं झालं, नाहीतर डिझेल इंजिनचं हेड (वरचा भाग) वाकलं, हेड गॅस्केट (त्याच्या खालचं पॅकिंग) गेलं की खर्च कुठल्या कुठं जातो.

मातकट रंगाचं म्हणाल तर, ड्रेन कॉकमधून रेडिएटर रिकामा होतो; इंजिन ब्लॉकमधलं आणि हीटरमधलं जुनं पाणी बरंचसं तिथंच राहतं. तुम्ही टाकलेल्या फोटोतल्या बादलीत विटकरी पाणी आणि तळाला गंजाचा गाळ स्पष्ट दिसतोय. तसलंच आत उरलेलं नव्या हिरव्या कूलंटमध्ये मिसळल्यावर रंग मातकट होणारच. आधी स्वच्छ पाणी भरून, थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारी झडप) उघडेपर्यंत गाडी चालू ठेवून, गार झाल्यावर ते काढून टाकायचं. नितळ निघेपर्यंत हे करायचं आणि शेवटचं पाणी डिस्टिल्ड. (ती बादली अंगणात उघडी दिसतेय म्हणून सांगतो, कूलंट गोडसर असतं, कुत्री-मांजरं पितात आणि त्यांची किडनी जाते. उचलून ठेवा, नालीतही ओतू नका.)

‘कुणी काही सांगितलं नाही’ हे तर अजिबात खरं नाही. मी स्वतः सांगत होतो. हीटर गरमवर ठेवा, कूलंट बारीक धारेनं ओता, वरचा होज पाइप हातानं दाबत राहा, ब्लीड स्क्रू (हवा काढायचा स्क्रू) असेल तर बुडबुडे थांबेपर्यंत उघडा ठेवा, मग रेडिएटरचा पंखा लागेपर्यंत इंजिन चालवा, पूर्ण गार झाल्यावर लेव्हल परत बघा. त्या वेळी तुम्ही मोबाईलवर बोलत होतात आणि हातानंच ‘कळलं, कळलं’ केलंत. असो.

आणि गाडी उकळल्यानंतर हवा काढून दिली, त्या मजुरीचे 300 रुपये घेतले त्याला तुम्ही लूट म्हणता. आमच्या मिस्त्रीनं गाडीचं तोंड उंचावर घेऊन हवा काढली, पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत तो बॉनेटशेजारून हलला नाही. त्यात जे दीड लिटर बसलं ते तुमच्या डिकीत उरलेल्या त्याच कॅनमधलं, आमच्याकडचा एक थेंबही घातला नाही. त्याच ‘डुप्लिकेट’ कूलंटवर तुम्ही नंतर तुळजापूरला जाऊन दर्शन घेऊन आलात. हे रिव्ह्यूमध्ये का नाही आलं?

ऑनलाइन कॅन स्वस्त मिळतो म्हणता, मान्य आहे. त्यांचं खरेदीचं गणित वेगळं, आमचं वेगळं.

यापुढं कॅनसोबत मराठीत छापलेली सूचनांची चिठ्ठी द्यायचा विचार आहे, आणि मुलांनाही गिऱ्हाइकाशी नीट बोलायला सांगितलंय. रिव्ह्यू काढून टाका असं म्हणत नाही, पण तो ‘डुप्लिकेट’ शब्द तेवढा काढलात तर उपकार होतील. आतलं जुनं पाणी अजून तसंच आहे, त्यामुळं गाडी एकदा घेऊन या, फ्लश करून देतो, मजुरी घेणार नाही. फक्त सकाळी, इंजिन गार असताना या. रिकामा कॅन सापडला तर तोही आणा, त्यावरचा बॅच नंबर आणि माझं खरेदीचं बिल तुमच्यासमोर ताडून बघू. दुपारी 1 ते 3 दुकान बंद असतं.