८ सप्टेंबरला कोण कोण जन्मलं, आणि त्या यादीचं करायचं काय

दरवर्षी ८ सप्टेंबर उजाडला की आशा भोसले यांच्या फोटोंनी फीड भरून जातं, आणि ते योग्यच आहे. पण त्याच तारखेच्या खणात आणखी कोण कोण बसलंय ते बघा. चेक संगीतकार अँटोनिन द्वोर्झाक (१८४१), अमेरिकन कंट्री संगीताचा आद्य गायक जिमी रॉजर्स (१८९७), भूपेन हजारिका (१९२६), कंट्री गायिका पॅट्सी क्लाइन (१९३२), आशाबाई (१९३३) आणि पॉपवाली पिंक (१९७९). एकही नाव ओढूनताणून आणलेलं नाही.

अशी यादी दिसली की लोकांचे दोन तट पडतात. एकांना तारखेतच काहीतरी दडलेलं दिसतं, मग अंकशास्त्र सुरू होतं. दुसरे ‘योगायोग!’ म्हणून अंगठा पुढे सरकवतात. माझं म्हणणं असं की पहिल्यांचा निष्कर्ष चुकीचा, पण दुसरे जास्त गमावतात. तारखेला संगीतातलं काही कळत नाही, हाच तिचा मोठा गुण आहे. तुमची आवड ओळखून गाणी सुचवणारं कुठलंही ॲप द्वोर्झाकशेजारी पॅट्सी क्लाइन ठेवणार नाही. तारीख ठेवते. मात्र यादी करायची तर नीट करा. फिरत असलेल्या बहुतेक याद्यांमध्ये निदान एक तारीख चुकीची असते.

आधी गणित, म्हणजे आश्चर्य आवाक्यात राहील. २३ माणसं एकत्र आली की त्यातल्या कुठल्या तरी दोघांचा वाढदिवस एक असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त होते. ५७ झाली की ती ९९ टक्क्यांवर जाते. पण ‘माझ्याच तारखेला’ जन्मलेलं कोणीतरी सापडण्याची शक्यता निम्म्यावर न्यायला २५३ माणसं लागतात. लोक हे दोन प्रश्न एकच समजतात, सगळा घोळ तिथे होतो. आता १००० नामवंत संगीतकार घ्या आणि जन्म वर्षभर सारखे विखुरलेत असं धरा. सरासरी पडते दर तारखेला पावणेतीन नावं. तरीही वीस-पंचवीस तारखा कोऱ्या राहतात आणि पन्नासेक तारखांवर पाच किंवा जास्त नावं गोळा होतात. ८ सप्टेंबर हा त्या पन्नासांतला. १६ सप्टेंबरही, ६ जानेवारीही (माक्स ब्रूख, स्क्रियाबिन, बँजोवाले अर्ल स्क्रग्ज, पिंक फ्लॉइडचा सिड बॅरेट, एसी/डीसीचा माल्कम यंग आणि ए. आर. रहमान).

यातल्या स्क्रियाबिनपाशी जरा थांबा. त्याच्या घरच्यांच्या लेखी त्याचा जन्म २५ डिसेंबर १८७१चा, ऐन नाताळातला. रशियात तेव्हा जुनं ज्युलियन कॅलेंडर होतं आणि १९१८च्या फेब्रुवारीपर्यंत राहिलं. आजच्या कॅलेंडरात आणायला एकोणिसाव्या शतकातल्या जन्मात १२ दिवस मिळवायचे, म्हणून ६ जानेवारी १८७२. सतराव्या शतकात हा फरक १० दिवसांचा, अठराव्यात ११, विसाव्यात १३. हे चार आकडे लिहून ठेवले की निम्म्या चुका टळतात.

आणि चुका कशा होतात, तर अशा. ‘बाख, मुसोर्गस्की आणि बिस्मिल्ला खाँ, तिघेही २१ मार्चचे’ हे वाक्य कानाला गोड लागतं. पण बाखची २१ मार्च १६८५ ही तारीख ज्युलियन आहे, त्याच्या गावाने तेव्हा नवं कॅलेंडर घेतलेलंच नव्हतं. नवी तारीख येते ३१ मार्च. मुसोर्गस्कीची जुनी तारीख ९ मार्च १८३९, त्यात १२ मिळवून २१ मार्च. म्हणजे एकाची तारीख बदलून घेतली आणि दुसऱ्याची तशीच ठेवली, तेव्हा कुठे दोघं शेजारी आले. बाखला २१ मार्चलाच आठवायची रूढी आहे, ती चालू द्या. पण मग मुसोर्गस्की त्या यादीत बसत नाही. दोघांना एकच माप लावा. ब्राम्स आणि चायकोव्स्की ही ७ मेची प्रसिद्ध जोडी मात्र टिकते. ब्राम्सचा जन्म (१८३३) नव्या कॅलेंडरातलाच, आणि चायकोव्स्कीचा २५ एप्रिल १८४० नीट बदलला की ७ मे येतो.

स्ट्राव्हिन्स्कीची गंमत वेगळीच. जन्म ५ जून १८८२, जुनी तारीख. १२ मिळवले की १७ जून. पण विसाव्या शतकात फरक १३चा झाला, तेव्हा हा गृहस्थ वाढदिवस १८ जूनला साजरा करू लागला. जन्माच्या वेळचा फरक धरायचा असतो, या नियमाने ते चूक. पण असा वाढदिवस सरकवल्याने तो पॉल मॅकार्टनीच्या (१८ जून १९४२) शेजारी जाऊन बसला, त्याला काय करणार?

आपल्याकडे इळैयाराजांनी तर जाणूनबुजून तारीख सरकवली. जन्म ३ जूनचा. करुणानिधींचा वाढदिवसही त्याच दिवशी, म्हणून हे २ जूनला साजरा करतात. त्या एका दिवसाने सोबतच बदलली. ३ जूनला कर्टिस मेफील्ड आणि जोसेफिन बेकर होते, २ जूनला इंग्लिश संगीतकार एल्गार आणि रोलिंग स्टोन्सचा ड्रमर चार्ली वॉट्स आले.

तिसरा सापळा बाप्तिस्म्याचा. बेथोव्हनच्या जन्माची नोंदच नाही. आहे ती १७ डिसेंबर १७७०च्या बाप्तिस्म्याची, त्यावरून जन्म १६चा धरतात. म्हणून त्याला यादीत घेताना ‘बहुधा’ लावा. उलट जाझचा ट्रंपेटवादक लुई आर्मस्ट्राँगला बाप्तिस्म्यानेच तारलं. तो स्वतः जन्मभर ४ जुलै १९०० सांगत राहिला. अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन आणि गोळाबेरीज वर्ष, जाहिरातीला याहून चांगलं काय हवं? त्याच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी न्यू ऑर्लिन्समधल्या चर्चची नोंद सापडली आणि तीत निघालं ४ ऑगस्ट १९०१. कलावंताने स्वतः सांगितलेली तारीख फार सुबक असेल तर संशय घ्यावा, तो यामुळे. आणि तिथीने वाढदिवस साजरा होत असेल तर जन्मवर्षाचं पंचांग काढल्याशिवाय तारीख लिहू नका. तिथी आणि इंग्रजी तारीख साधारण १९ वर्षांनी पुन्हा जुळतात, मधल्या वर्षांत हा फरक कित्येक दिवसांचा होतो.

४ ऑगस्ट म्हटल्यावर मराठी माणसाला आधी किशोरकुमार आठवणार (१९२९). बरोबर. आणि इथून ८ सप्टेंबरकडे जी वाट जाते ती मला या सगळ्या प्रकारातली सर्वांत मजेदार वाटते.

जिमी रॉजर्सने पहिल्यांदा रेकॉर्डिंग केलं ते टेनेसीतल्या ब्रिस्टल गावी, ४ ऑगस्ट १९२७ला. तीन वर्षांनी, १६ जुलै १९३०ला, त्याने ‘ब्लू योडल नंबर ९’ रेकॉर्ड केलं. त्यात ट्रंपेट वाजवलाय लुई आर्मस्ट्राँगने आणि पियानो त्याची बायको लिल हार्डिन हिने. रेकॉर्डच्या लेबलवर दोघांचंही नाव नाही. ऐकताना रॉजर्सच्या ओळीच्या शेवटाकडे लक्ष द्या. तो मात्रांचा हिशेब फारसा ठेवत नाही, आणि ट्रंपेट त्याच्या प्रत्येक ओळीमागून सांभाळून घेत येतो. गाण्यात योडल आहेच, म्हणजे छातीच्या आवाजातून झटक्यात वरच्या, पातळ आवाजात उडी. बहुतेक गायकी हा सांधा लपवायला शिकवते. योडल तो मुद्दाम उघडा टाकते. किशोरकुमारच्या योडलमागे रॉजर्सच्याच रेकॉर्डी सांगितल्या जातात.

आता आकृती बघा. ८ सप्टेंबरचा रॉजर्स ४ ऑगस्टच्या आर्मस्ट्राँगबरोबर गातो. काही दशकांनी ८ सप्टेंबरच्या आशाबाई ४ ऑगस्टच्या किशोरकुमारबरोबर गातात, आणि एकदोनदा नाही, ढिगाने. इथे अंकशास्त्रवाले उड्या मारतील. मारू नका. ही साखळी तारखांनी जोडलेली नाही, लाखेच्या तबकड्यांनी जोडलेली आहे. रेकॉर्ड बोटीने फिरली, कुणाच्या तरी घरी पोचली, पोराने पुन्हा पुन्हा लावली. तारखेने फक्त आपल्याला त्या दाराशी आणून सोडलं.

अशीच दुसरी वाट द्वोर्झाक ते भूपेन हजारिका. द्वोर्झाक १८९२ ते १८९५ न्यूयॉर्कला संगीत विद्यालयाचा संचालक होता. तिथे हॅरी बर्ली या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याकडून त्याने त्या समाजाची भक्तिगीतं ऐकली आणि अमेरिकन संगीताचा पाया इथेच आहे असं वर्तमानपत्रांतून जाहीर सांगितलं. त्याची नववी सिंफनी तिथेच, डिसेंबर १८९३मध्ये, पहिल्यांदा वाजली. भूपेनदा त्याच शहरात कोलंबिया विद्यापीठात पीएचडीला होते (१९५२), आणि तिथे त्यांना कृष्णवर्णीय गायक पॉल रोबसन भेटला. रोबसनच्या गळ्यातलं मिसिसिपीचं गाणं असमियात ब्रह्मपुत्रेकाठी आलं आणि ‘बिस्तीर्ण पारोरे’ झालं. साठेक वर्षांच्या अंतराने, एकाच तारखेची दोन माणसं, एकाच शहरात, एकाच समाजाच्या गाण्यापाशी थांबली. (मूळ गाण्याचा संगीतकार जेरोम कर्न २७ जानेवारीचा, म्हणजे मोझार्टच्या दिवशीचा. हे कुठेच संपत नाही.)

सगळ्याच जोड्या अशा फळत नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. भीमसेन जोशी आणि ॲलिस कूपर दोघंही ४ फेब्रुवारीचे. मोहम्मद रफी आणि मोटरहेडचा लेमी २४ डिसेंबरचे. हेंड्रिक्स आणि बप्पी लाहिरी २७ नोव्हेंबरचे. यातून हसू येतं, चहाबरोबर सांगायला बरं, त्यापलीकडे ओढू नका.

१६ सप्टेंबर मात्र कानाला काही शिकवतो. एम. एस. सुब्बुलक्ष्मी (१९१६) आणि ब्लूज गिटारवाला बी. बी. किंग (१९२५). किंगला स्लाइड गिटार (तारांवर नळी सरकवून वाजवतात ती) जमेना, म्हणून तो आवाज आणायला त्याने डाव्या हाताचं बोट तारेवर थरथरवायला सुरुवात केली. तारही बाजूला ओढून स्वर वर चढवायचा. आणि तो सहसा गाताना वाजवायचा नाही. एक ओळ गायची, मग गिटारने तिला उत्तर द्यायचं. लगेच सुब्बुलक्ष्मींची एखादी आलापना लावा आणि कान व्हायोलिनवर ठेवा. गायिकेचा तुकडा संपतो, व्हायोलिन तो उचलून परत सांगतं. दोन्हीकडे खरी करामत दोन स्वरांच्या मधल्या जागेत चाललेली असते. फरकही तिथेच कळतो. गमकात हलण्याची रीत रागाने ठरवून दिलेली आहे, किंगकडे ती त्याची स्वतःची. दोन्ही लागोपाठ ऐकल्याशिवाय हे शब्दांनी समजत नाही.

आता प्रत्यक्ष प्लेलिस्ट. इथे हौशी लोक तीन ठिकाणी हमखास आपटतात.

पहिलं, आवाजाची पातळी. आजचं पॉप गाणं दाबून जोरात केलेलं असतं, ऑर्केस्ट्राचं रेकॉर्डिंग मुद्दाम हलकं-भारी ठेवलेलं. ॲपमधलं आवाज समान करण्याचं सेटिंग चालू ठेवा. स्पॉटिफाय मूळ सेटिंगला उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप) आसपास आणतं. पण ते अख्ख्या ट्रॅकचं माप घेतं, आतला चढउतार तसाच राहतो. म्हणून संथ सुरुवात ऐकून आवाज वाढवू नका. त्या तुकड्यातली सर्वांत मोठी जागा लावून आवाज ठरवा आणि मग सुरुवातीला या. क्रॉसफेड बंद. तो चालू राहिला की एका गाण्याची शेपटी दुसऱ्याच्या तोंडात जाते आणि दोन वेगळे सूर एकमेकांवर घासतात.

दुसरं, क्रम. जुनी खरखरणारी रेकॉर्ड आधी, स्वच्छ रेकॉर्डिंग नंतर. कान खरखरीला दोन मिनिटांत सरावतो, पण स्वच्छ आवाजानंतर तीच रेकॉर्ड ‘खराब’ वाटते. जुन्या १० इंची तबकडीच्या एका बाजूवर तीनेक मिनिटं मावायची, त्यामुळे अशी दोन-तीन सलग लावली तरी जड होत नाहीत.

तिसरं, वेग. सुरुवातीच्या काळातल्या सगळ्या रेकॉर्डी मिनिटाला ७८ फेऱ्यांवर कापलेल्या नसायच्या. ७४वर कापलेली ७८वर फिरवली की सूर जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो आणि बाई अचानक किनऱ्या आवाजात गायला लागते. एकाच रेकॉर्डिंगच्या दोन अपलोडमध्ये सूर वेगळा लागला तर एक चुकीच्या वेगाने उतरवलीय हे नक्की. तानपुरा ॲप लावून पट्टी तपासा, आणि कुठली गायकाच्या इतर रेकॉर्डिंगशी जुळते ते बघा.

८ सप्टेंबरसाठी माझा क्रम असा: रॉजर्स आणि आर्मस्ट्राँग, मग पॅट्सी क्लाइन, मग भूपेनदा, मग आशाबाई आणि किशोरचं एखादं द्वंद्वगीत. पिंक हवी असेल तर आशाबाईंच्या आधी, नंतर नको. त्यानंतर पंधरा सेकंद काहीही नाही (रिकाम्या आवाजाची फाइल टाकता येते) आणि शेवटी द्वोर्झाकच्या नवव्या सिंफनीतला लार्गो, म्हणजे संथ भाग, पुरा. बाराएक मिनिटांचा आहे, तुकडा कापू नका. सुरुवातीला पितळी वाद्यांचे हलके स्वरसंघ येतात, मग इंग्लिश हॉर्नची ती धून. शेवटाला हळूहळू सगळे गप्प होतात आणि डबल बासचा एक अगदी बारीक स्वरसंघ तेवढा उरतो. ऑटोप्ले आधीच बंद करून ठेवा, नाहीतर ॲप त्याच क्षणी त्यावर दुसरं काहीतरी आदळतं.