रविवारी येशील का?

गेल्या महिन्यात शाळेतल्या एका मित्राने मला भारतातल्या एका जाहीर चर्चेचा व्हिडिओ पाठवला. विषय होता, तरुण शास्त्रज्ञ मूलपेशींच्या, म्हणजे ज्यांपासून शरीरातल्या इतर पेशी घडतात त्या स्टेम सेलच्या, संशोधनाकडे का वळतात. एका वक्त्याने ठासून सांगितलं की ही मुलं रुग्णांसाठी येत नाहीत, परदेशी जायची सोय म्हणून येतात. तेव्हा फेलोशिप देण्याआधी प्रत्येकाला विचारावं: कोणता आजार बरा करणार आणि किती वर्षांत? टाळ्या पडल्या. खाली मित्राने लिहिलं होतं, ‘तुझ्याबद्दलच बोलतायत!’

त्या टाळ्या डोक्यातून जात नाहीत.

मी टोरोंटोत मूलपेशींवरच काम करते. शरीरात मूलपेशी असतात याचा प्रयोगातून मिळालेला पहिला पक्का पुरावा याच शहरातला. जेम्स टिल भौतिकशास्त्राकडून आलेले, अर्नेस्ट मॅक्युलॉक रक्तविकारांचे डॉक्टर. किरणोत्साराचा अस्थिमज्जेवर काय परिणाम होतो, हे त्यांना मोजायचं होतं. किरणांनी मज्जा मारलेल्या उंदरांना ते दुसऱ्या उंदरांची मज्जा टोचत. 1960 मधल्या एका रविवारी मॅक्युलॉक प्रयोगशाळेत आले, उंदीर तपासले, तर पोटातल्या प्लीहेवर गाठी. त्यांनी त्या मोजल्या. जितक्या पेशी टोचल्या त्या हिशेबात गाठी भरत होत्या, साधारण 10,000 पेशींमागे एक. 1961 मध्ये हे छापून आलं. 1963 मध्ये अँडी बेकर या विद्यार्थ्यासह त्यांनी दाखवलं की एक गाठ एकाच पेशीपासून वाढते, म्हणजे ती पेशी रक्ताच्या इतर पेशी घडवणारी मूलपेशी. मज्जा प्रत्यारोपण रुग्णाला का तारतं, ते या गाठींनी कळलं.

यांना त्या वक्त्याच्या फेलोशिपच्या मुलाखतीला बसवा. कोणता आजार? किती वर्षं? ज्या गोष्टीमुळे आज त्यांचं नाव घेतलं जातं, ती शोधायला ते निघालेच नव्हते.

ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन गर्डन यांना तर शाळेतच निकालात काढलं होतं. जीवशास्त्रात 250 मुलांत शेवटचा नंबर, आणि याने शास्त्रज्ञ व्हायचं म्हणणं हास्यास्पद आहे असा शिक्षकांचा लेखी शेरा. 1962 मध्ये याच माणसाने बेडकाच्या डिंभाच्या, म्हणजे टॅडपोलच्या, आतड्यातल्या पेशीचं केंद्रक, मूळ केंद्रक निकामी केलेल्या अंड्यात घातलं आणि त्यातून डिंभ वाढवले. पेशीला आपलं बालपण परत मिळू शकतं, हे तिथे दिसलं. नोबेल मिळायला 50 वर्षं लागली. पाच वर्षांच्या फेलोशिपमध्ये हे कुठे बसवणार?

रुग्णासाठी येणारेही असतात, हे मला मान्य आहे. हार्वर्डमध्ये डग्लस मेल्टन बेडकाच्या भ्रूणावर काम करत होते. मुलगा सहा महिन्यांचा असताना त्याला टाइप 1 मधुमेह निघाला, पुढे मुलीलाही. मेल्टन यांनी सगळं काम वळवून इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशींवर आणलं. 2014 मध्ये मूलपेशींपासून तशा पेशी भरपूर प्रमाणात तयार झाल्या. त्याच कामातून पुढे आलेल्या उपचाराचे निकाल 2025 मध्ये छापून आले: पूर्ण मात्रा घेतलेल्या 12 पैकी 10 जणांचं बाहेरून इन्शुलिन घेणं वर्षभरानंतर बंद होतं. ते वाचताना माझा गळा दाटून आला होता. पण त्या बापाच्या हाती मानवी भ्रूणाच्या मूलपेशी आल्या कुठून? जेम्स थॉमसन यांनी 1998 मध्ये त्या वेगळ्या करून वाढवल्या म्हणून. थॉमसन पशुवैद्यक, माणसांचे डॉक्टरही नव्हेत.

आणि ‘कोणता आजार, किती वर्षांत’ याला चटकन उत्तर देणारे कोण असतात, तेही पाहिलेलं आहे. दक्षिण कोरियात ह्वांग वू-सुक यांनी रुग्णांच्या स्वतःच्या पेशींशी जुळणाऱ्या मूलपेशी केल्याचा दावा केला. सरकारने चाकाच्या खुर्चीतून उठणाऱ्या माणसाचं टपाल तिकीट काढलं. 2006 मध्ये त्यांचे शोधनिबंध मागे घेतले गेले. आकडे बनावट होते. भारतातही सिद्ध न झालेले उपचार विकणारे दवाखाने आहेतच. 2017 च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात की रक्तविकारांसारख्या मान्य आजारांसाठीचं प्रत्यारोपण सोडलं तर मूलपेशींचा वापर फक्त मंजूर चाचणीतच करायचा. त्या दवाखान्यांकडे मात्र आजारही ठरलेला असतो आणि मुदतही. त्या सभागृहात त्यांच्याबद्दल एक अक्षर निघालं नाही.

इथे माझ्या मुलाखतीत हा प्रश्न आला नाही. गाइडने इतकंच विचारलं, ‘रविवारी येशील का?’ पेशींना सुट्टी नसते. रोज मीडियम, म्हणजे पेशींचं पोषक द्रव, बदलायचं, मायक्रोस्कोपखाली कडा पाहायच्या, बिघडलेल्या वसाहती खरवडून काढायच्या. फॅमिली डेच्या सुट्टीच्या वीकेंडलाही सबवेने क्वीन्स पार्कला उतरून मी वर प्रयोगशाळेत जाते आणि मजल्यावर आणखी चार जण असतात. त्यांच्यात मला जितकं घरच्यासारखं वाटतं तितकं त्या टाळ्यांच्या सभागृहात वाटलं नसतं, असं मी मित्राला लिहिलं.

खरं तर इथेही अर्जात एक चौकट असते, सामान्य वाचकाला कळेल अशा भाषेत भरायची. मी तिथे लिहिते की वडिलांचं हृदय कमजोर झालं, म्हणून मी हृदयाच्या पेशींकडे वळले. अनुदान मिळतं. हे खोटं आहे. बाबा आजारी पडले तेव्हा मी सहा वर्षं हेच करत होते. मी वळले ते एका सकाळी, मूलपेशींपासून हृदयाच्या पेशी घडवायला घेतल्याच्या नवव्या दिवशी, थाळी उघडली तेव्हा. आदल्या रात्री स्थिर असलेला पेशींचा पातळ थर धडधडत होता. कोणी सांगितलं नव्हतं त्याला. मी इन्क्युबेटरचं दार उघडंच टाकून पाहत राहिले. त्या क्षणी माझ्या मनात एकही रुग्ण नव्हता.

म्हणून तो वक्ता मला झोंबला. त्याला हवं असलेलं उत्तर मी वर्षानुवर्षं लिहून देत आले आहे.

बाबांच्या शेवटच्या आठवड्यात दादाचा फोन आला, ‘निघतेस का?’ माझ्या थाळ्यांचा सातवा दिवस होता. आमच्या पद्धतीत या टप्प्यावर पेशी गोठवून ठेवता येत नाहीत, असं मी त्याला सांगितलं, आणि ते खरंच होतं. शेजारच्या बाकावरच्या मुलीने दोन दिवस मीडियम बदललं असतं, हेही तितकंच खरं होतं. मी तिला विचारलं नाही. ठोके सुरू होताना मला स्वतःला पाहायचे होते.

नवव्या दिवशी ते सुरू झाले. विमान त्या रात्रीचं होतं. दादाचा दुसरा फोन मी विमानतळावर घेतला.