जेलला पंखे देऊन झाले असतील, तर थोडं जामिनाचंही बघूया

दिवाळी जवळ आली की जेलमध्ये फराळ, चादरी, पंखे द्यायला मंडळं, क्लब, कंपन्या निघतात. देऊ नका असं मी म्हणणार नाही. मे महिन्यात खचाखच भरलेल्या बरॅकमध्ये पंखा म्हणजे काय, ते आतल्यालाच ठाऊक. पण आर्थर रोडचा तुरुंग 1926 सालचा. मंजूर क्षमता हजाराच्या आत आणि कैदी कित्येकदा तीन हजारांवर. तिथे आणखी चार पंखे लावून काय होणार? आतली माणसं कमी व्हायला हवीत, आणि देणगी त्यासाठी द्यायला हवी.

"गुन्हेगारांना सोडवायला आम्ही पैसे द्यायचे?" हे ठरलेलं वाक्य. अहो, पण गुन्हेगार कोण? 2022 अखेर देशभरातल्या तुरुंगांत सुमारे 5.73 लाख माणसं होती, त्यातले 4.34 लाख कच्चे कैदी, म्हणजे ज्यांच्या खटल्याचा निकालच अजून लागलेला नाही. यातले काही उद्या दोषी ठरतीलही. जामीन कुणाला द्यायचा ते कोर्ट बघेल. मी बोलतोय ते कोर्टाने जामीन मंजूर करूनही आतच बसलेल्यांबद्दल.

समजा, बिहारहून आलेला, नाक्यावर उभा राहून काम मिळवणारा पोरगा. चोरीची केस, पंधरा हजारांचा जामीन. आता जामीनदार आणा. त्याचं रेशनकार्ड, पगाराची स्लिप, पत्त्याचा पुरावा, कधी ऐपतीचा दाखला. पोरगा राहायचा साइटवर, आणि ठेकेदार अटकेपासून ओळखच दाखवत नाही. घरी कळवावं, तर नंबर मोबाईलमध्ये आणि मोबाईल पोलिसांच्या मुद्देमालात. आईला वाटतंय, पोरगा मुंबईला जाऊन आपल्याला विसरला.

हे काही आजचं नाही. 1978 साली मोतीराम नावाच्या गवंड्याकडे दहा हजारांचा जामीन मागितला गेला आणि भाऊ दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून त्याची हमी नाकारली गेली. सुप्रीम कोर्टात न्या. कृष्ण अय्यर यांनी ते खोडून काढलं आणि हजाराच्या जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय त्याच्या स्वतःच्याच लेखी हमीवर, त्याला सोडायला सांगितलं. 2023 पासून गरीब कच्च्या कैद्यांच्या जामिनासाठी आर्थिक मदतीची केंद्राची योजनाही आहे. छान आहे. पण त्या पोराचा कागद या टेबलावरून त्या टेबलावर नेणार कोण?

टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसचा 'प्रयास' हा प्रकल्प 1990 पासून मुंबईत हेच काम करतोय. अशा कामात जेलमध्ये जाऊन माणसाशी बोलायचं, गावात कुणाच्या तरी फोनवरून घर शोधायचं, वकिलाच्या मागे लागायचं, जातमुचलक्यासाठी अर्ज करवून घ्यायचा. सुटल्यावर आणखी वेगळी कटकट: केस झालेल्याला खोली कोण देणार, कामावर कोण ठेवणार? बायकांचं तर विचारूच नका, पुष्कळदा माहेरचेही दार लावून घेतात.

या कामाचा फोटो निघत नाही. सरपंचाला लावलेल्या सातव्या फोनचा फोटो काय काढणार? म्हणूनच देणगीदारांना पंखा परवडतो, समाजकार्यकर्त्याचा पगार परवडत नाही. माझ्या मते पैसे तिथेच द्यावेत, आणि एकदाच नाही, दरमहा.

आमच्या मंडळाच्या पुढच्या मीटिंगला मी हे मांडणार आहे. खजिनदारांनी आत्ताच बजावलंय, "आधी पावतीवर काय लिहायचं ते ठरवून ये."