‘खाल्लं, पण काम केलं’: ट्वीडच्या न्यूयॉर्कचा खरा हिशेब

टॅमनी हॉल, म्हणजे एकोणिसाव्या शतकात न्यूयॉर्क शहरावर पकड असलेली डेमोक्रॅटिक पक्षाची संघटना. तिच्याबद्दल एक मजकूर बराच फिरतो आहे. त्याचा सारांश असा: तिचा म्होरक्या विल्यम ट्वीड याला डोक्यावर घेतलं अडाणी आयरिश स्थलांतरितांनी, त्याने खाल्लं, पण शहर उभं केलं, आणि श्रीमंतांकडून काढून गरिबांची चूल पेटती ठेवली. वाचायला हे गोड वाटतं, पण तिन्ही गोष्टी हिशेबात बसत नाहीत.

आधी आयरिशांचं. १८६८ च्या निवडणुकीआधी टॅमनीच्या न्यायाधीशांनी हजारो स्थलांतरितांना घाईघाईने नागरिकत्व वाटलं, हे खरं. पण ट्वीड स्वतः आयरिश कॅथलिक नव्हता. तो न्यूयॉर्कमध्येच जन्मलेला, स्कॉटिश वळणाच्या प्रोटेस्टंट घरातला. आणि १८७० च्या निवडणुकीच्या तोंडावर शहराचे हिशेब चोख असल्याचं प्रमाणपत्र कुणी दिलं? जॉन जेकब ॲस्टर तिसरा आणि त्याच्यासारख्या बड्या धनिकांनी. उलट १८७१ मध्ये शहराच्या हिशेबाच्या ज्या कागदांच्या नकलांवरून ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ट्वीडचा सगळा घोटाळा चव्हाट्यावर आणला, त्या तिथे पोचवल्या माजी शेरीफ जेम्स ओब्रायनने, म्हणजे एका आयरिश माणसाने. त्याचा हेतू शुद्ध नव्हता, शहराकडे त्याची स्वतःची थकबाकी अडकली होती. तरी सगळा दोष स्थलांतरितांच्या माथी मारणं हा अन्यायच आहे.

‘काम केलं’ म्हणतात, तर चेंबर्स स्ट्रीटवरचं कोर्टहाउस बघा. सुरुवातीला अडीच लाख डॉलरची तरतूद होती. खर्च सव्वा कोटींच्या आसपास गेला. १८६७ मध्ये अमेरिकेने अख्खं अलास्का ७२ लाखांना विकत घेतलं होतं! गिलावा करणाऱ्या अँड्र्यू गार्वीचं दोन दिवसांचं बिल १,३३,१८७ डॉलर. लोखंड आणि संगमरवराच्या त्या इमारतीत एका सुताराची महिन्याची कमाई ३,६०,७५१ डॉलर. कंत्राटदाराने बिल फुगवायचं आणि फुगवलेला वाटा ट्वीडच्या टोळीकडे परत पोचवायचा, अशी ही पद्धत होती. शेवटी शेवटी तो वाटा बिलाच्या निम्म्याहून जास्त झाला. म्हणजे काम जितकं रेंगाळेल तितकी कमाई. १८७३ मध्ये ट्वीडवर खटला चालला तोही याच कोर्टहाउसात, आणि तेव्हाही ते अपुरंच होतं. ते पुरं व्हायला १८८१ उजाडलं. याला शहर उभारणं म्हणायचं?

राहिली गरिबांची चूल. इथे मी थोडं थांबून बोलेन, कारण या दाव्यात सत्याचा अंश आहे. घरात मरण आलं, नोकरी गेली, भाडं थकलं, तर त्या काळच्या न्यूयॉर्कमध्ये धावून येणारा बहुधा टॅमनीचा वॉर्डातला माणूसच असे. ज्यांच्या घरात त्याने कोळसा टाकला त्यांनी मत दिलं, यात त्यांची चूक मी काढणार नाही. १८७०-७१ च्या हिवाळ्यात ट्वीडने आपल्या वॉर्डातल्या गरिबांसाठी ५०,००० डॉलर दिल्याचं कौतुक अजून सांगतात.

पण तो पैसा श्रीमंतांचा नव्हता. कर वाढवले तर घरमालक बिथरतील, म्हणून टोळीने रोखे विकून शहराच्या नावावर कर्ज काढलं. १८६९ ते १८७१ या काळात ते जवळपास तिप्पट झालं. भांडं फुटल्यावर नवे हिशेबतपासनीस अँड्र्यू ग्रीन यांनी कात्री चालवली ती बागा-रस्त्यांच्या कामांवर, म्हणजे ज्या हातांना ट्वीड काम देत होता त्याच हातांवर. पाठोपाठ १८७३ ची मंदी आली. तोवर ॲस्टरच्या घरी कुणी उपाशी झोपलं नव्हतं. आणि ती ५०,००० डॉलरची मदत? गार्वीच्या दोन दिवसांच्या गिलाव्यात त्या वॉर्डाचे अडीच हिवाळे सहज निघाले असते.