दादर ते बोरिवली, पायी

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर गेल्या शनिवारी वाद पेटला तो अण्णांच्या एका वाक्यावरून. दादर ते बोरिवली हे रेल्वेचे २४ किलोमीटर अंतर एकदा तरी पायी तोडायचे, असे त्यांनी जाहीर केले. नानांनी लगेच हिशेब मांडला : या मैदानाची एक फेरी सव्वा किलोमीटरच्या थोडी आतच भरते, तेव्हा वीस फेऱ्या मारल्या की बोरिवली आलीच, आणि चहाही हाताशी राहतो.

खरा मतभेद मार्गावर होता. भूगोल शिकवणाऱ्या आमच्या बाईंना झाडांखालून जायचे होते : माटुंग्याच्या पाच बागा, मग शीव, आणि तेथून धारावीजवळचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान. एकेकाळी जेथे शहराचा कचरा पडत होता, त्या सुमारे ३७ एकरांवर आज दाट झाडी आहे, हे शेजारून रोज लोकलने जाणाऱ्यालाही ठाऊक नसते, असे त्यांचे म्हणणे. पुढे मिठी नदी ओलांडून वांद्रे-कुर्ला संकुल, आणि शेवट बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात.

अण्णांना बागा नकोतच. त्यांना माहीमचा कॉजवे हवा होता. लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभॉय यांनी आधी १ लाख आणि काम अडल्यावर आणखी ५७ हजार रुपये दिले, आणि १८४५ मध्ये तो खुला झाला. त्याआधी माहीमहून वांद्र्याला जाणारा माणूस होडीत बसत असे. मला अण्णांचेच पटले. लोकल खाडी ओलांडते तेव्हा आपण दाराशी जागा धरण्यात गुंतलेले असतो. पायी जाणाऱ्याला मात्र चिखलाचा वास, तिवरांची मुळे आणि ओहोटीत उघडा पडलेला तळ चुकवता येत नाही, आणि शहर संपून उपनगर सुरू झाले हे तेथे पायांना कळते. बाईंनी विचारले की वास तर मिठीवरच्या त्यांच्या पुलावरही येतो, मग कॉजवेचे एवढे कौतुक कशासाठी? याला माझ्याकडे उत्तर नव्हते. (अंधेरीच्या पुढे द्रुतगती महामार्गाच्या कडेने कोण चालणार, हा प्रश्न सर्वांनीच टाळला.)

शेवटी निकाल लावला तो नानांच्या दुकानाने. दादरच्या बाजारातील बहुतेक दुकानांप्रमाणे तेही सोमवारीच बंद असते, आणि नेमके सोमवारीच राष्ट्रीय उद्यानही बंद असते. आपल्याला वगळून जाणार असाल तर उद्यापासून चहाचे पैसे आपापले द्या, असे नानांनी बजावताच बोरिवली रद्द झाली. आता कॉजवे, कार्टर रोड, खारदांड्याचा कोळीवाडा, जुहूची चौपाटी आणि वर्सोवा असे ठरले आहे. समुद्राला साप्ताहिक सुट्टी नाही, असे अण्णा विजयी मुद्रेने म्हणाले. त्यावर बाईंनी भरती-ओहोटीचे वेळापत्रक मागितले आणि पाच बागा उलट्या दिशेला असल्या तरी सुरुवात तेथूनच होईल, ही अट घातली.